तोंड एक, गुण अनेक

रायपूरच्या माझ्या घरी एक खण तारांनीच भरलेला आहे. दिवंगत आईचा आवाज जुन्या मोबाइलमधून संगणकावर उतरवावा म्हणून परवा तो उपसला. पहिल्या तारेचे टोक बसेना. दुसरीचे बसले, पण ती केवळ वीज वाहणारी, माहिती वाहणारे तंतू तिच्यात नव्हतेच.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलांना ‘यूएसबी-सी’ हे एकच तोंड सक्तीचे केले. परंतु त्यातही एक तार सेकंदाला ४८ कोटी बिट वाहते, तर तशीच दिसणारी दुसरी ४,००० कोटी. कचेरीत प्रत्येक नस्तीवर विषय लिहिण्याचा दंडक आहे. तारा मात्र बहुधा मुक्याच.

तिसऱ्या तारेने आईची हाक सुखरूप आणली. तिला मी चिठ्ठी बांधली : ‘वीज व माहिती, दोन्ही.’