मोठ्या हॉटेलात, बेताच्या बिलात

अहिल्यानगरहून पुण्या-मुंबईला गेलं, की लग्नाचा वाढदिवस एखाद्या मोठ्या हॉटेलात साजरा करावासा वाटतो. जरूर करा, फक्त शनिवार-रविवारची रात्र टाळा. मधल्या वारी दुपारी अनेक हॉटेलं त्याच स्वयंपाकघरातलं जेवण ठरावीक, कमी दरात देतात. आधी फोन करून विचारा, त्यात संकोच कसला?

कराकडेही लक्ष असू द्या. एरवी रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के. पण दिवसाला ७५०० रुपयांहून महाग खोल्या असलेल्या हॉटेलात तो १८ टक्के. दोन हजारांच्या जेवणात हा फरक २६० रुपयांचा पडतो!

वाइन घेणारच असाल, तर शेजारच्या नाशिकची मागवा. परदेशी बाटलीवर आयातशुल्काचा बोजा असतो. नाशिकची पांढरी ‘शेनिन ब्लाँ’ आपल्या मसालेदार जेवणाशी छान जुळते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास भरतात. चौघं असाल तर बाटलीचा आणि ग्लासचा असे दोन्ही दर ताडून पाहा.

आणि सेवाशुल्क? ते बिलात परस्पर लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे. शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लक्षात ठेवा: १९१५.