पन्नास वर्षं कमी करणारा फोटो स्टुडिओ

कानात इअरफोन घालून लाल परीत बसून ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवून घ्या, आपल्या एसटीच्या खिडक्या फार बोलतात. आज बोलायचंय एका कोरियन सिनेमावर. नाव ‘मिस ग्रॅनी’, साल 2014. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक. नाव ओळखीचं वाटत नसेल तर सांगते, ‘स्क्विड गेम’ बनवणारा तोच हा माणूस. ती मालिका येण्याच्या सात वर्षं आधी त्याने एका खाष्ट म्हातारीची गोष्ट सांगितली होती आणि कोरियात त्या सिनेमाची 80 लाखांहून जास्त तिकिटं खपली होती.

पुढे शेवटसुद्धा सांगणार आहे. पाहायचा असेल तर इथेच थांबा, पाहून या.

तर ओ माल-सून ही सत्तरी ओलांडलेली बाई. तोंडाळ. सुनेला एवढं बोलते, एवढं बोलते, की सून शेवटी दवाखान्यात भरती होते. मुलगा प्राध्यापक आहे, आणि तो शिकवतो काय? वृद्धांचे प्रश्न! घरी त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून आईला वृद्धाश्रमात ठेवायचं का, अशी कुजबुज सुरू होते. आजीच्या कानावर ते पडतं. ती रात्री एकटीच फिरत निघते, एक फोटो स्टुडिओ दिसतो, आणि ती आत जाते स्वतःच्या अंत्यविधीचा फोटो काढायला.

कोरियात ही पद्धत आहे. म्हातारी माणसं जिवंतपणीच चांगले कपडे घालून तो फोटो काढून ठेवतात. आपल्याकडे कोणी काढत नाही. मग माणूस गेल्यावर धावपळ होते, आणि आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून त्याला हार घालतात. असो.

फोटोग्राफर म्हणतो, पन्नास वर्षांनी तरुण करून देतो. ती बाहेर येते ती खरंच विशीची होऊन. म्हातारी माल-सून ना मून-ही या अभिनेत्रीने केलीय आणि तरुण शिम उन-ग्योंगने. या शिमसाठी सिनेमा पाहा. चेहरा कॉलेजातल्या पोरीचा, पण चालणं, कमरेवर हात ठेवून भांडणं, पोराटोरांना दम देणं, सगळं म्हातारीचं. ती ऑड्री हेपबर्नच्या नावावरून ‘ओ दू-री’ असं नवं नाव घेते आणि स्वतःच्याच नातवाच्या बँडमध्ये गायला लागते. नातवाला पत्ताच नाही की ही आपली आजी आहे! गाणी सत्तरच्या दशकातली. त्यातल्या एका गाण्यात तिचा मागचा काळ दिसतो. नवरा खाणकामगार म्हणून पश्चिम जर्मनीला गेला आणि तिकडेच वारला. हातात आजारी तान्हं पोर. हा तपशील हवेतला नाही. 1963 ते 1977 या काळात दक्षिण कोरियाने जवळजवळ आठ हजार माणसं जर्मनीच्या कोळसा खाणींत पाठवली होती. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरच्या घरांतून जे ऐकत असतील त्यांना खाणीवर गेलेल्या माणसाची वाट पाहणं म्हणजे काय, हे मी सांगायची गरज नाही.

हा सिनेमा चीन, व्हिएतनाम, जपान, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स असा फिरला, प्रत्येकाने आपापल्या भाषेत केला. आपल्याकडे 2019 मध्ये तेलुगूत ‘ओह! बेबी’ आला, नंदिनी रेड्डीचा, सामंता आणि लक्ष्मी. सिरोंच्याकडच्या मंडळींनी तो कधीच पाहिला असेल. ते तेलुगू सिनेमात आपल्या पुढे असतात.

पण मला हा सिनेमा पाहताना तेलंगणा नाही, वडसा आठवत होतं.

झाडीपट्टीचं नाटक पाहिलंय ना? धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्रभर चालणारी नाटकं. वडशाला कंपन्यांची ऑफिसं, गावाच्या मंडईला, शंकरपटाला पाव्हण्यांची गर्दी, आणि पहाटेपर्यंत मंडपात शाल गुंडाळून बसलेली माणसं. या रंगभूमीसाठी 2023 मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना जरा जाग आली. तर या नाटकांत मी पन्नाशीचा हिरो कितीदा तरी पाहिलाय. पावडर, काजळ, केसांना काळा रंग, आणि माणूस कॉलेजकुमार! लोक शिट्ट्या मारतात. कोणाला खटकत नाही. म्हणजे आपल्याकडे तो फोटो स्टुडिओ आहेच की. फक्त पुरुषांसाठी तो जरा जास्त वेळ उघडा असतो. मी पाहिलेल्या नाटकांत त्या वयाच्या बाईच्या वाट्याला आईचंच काम आलेलं होतं.

माझी आजी सिंदेवाहीकडची. ती तिशीत असताना आजोबा गेले. पदरात तीन लेकरं. पावसाळ्यात रोवणं, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, मोहफुलं. रोवण्याच्या बांधीत तिचा आवाज पहिला उठायचा, असं अजूनही गावात सांगतात. मी तिला हा सिनेमा माझ्या मोबाईलवर दाखवला, थांबवून थांबवून, अर्थ सांगत. तिला स्टुडिओचं नवल वाटलं नाही. ती म्हणाली, तिच्या लहानपणी गावच्या नाटकात बाईचं काम पुरुष करायचे, आणि लग्नानंतर त्या हिरोइनीसाठी लुगडं दरवर्षी तिच्याकडून न्यायचे. चांगलं होतं म्हणून.

“माह्यं लुगडं नाटकात काम करे, अना मी खाली बसून पाहो.”

ती हसली हे बोलून. मला नाही हसता आलं.

आता शेवट. दू-रीला जखम होऊन रक्त गेलं की तेवढी कातडी पुन्हा सुरकुतते. आणि मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी नातवाचा अपघात होतो. दुर्मिळ रक्तगट, जुळतं फक्त हिचं. ती गाणं पूर्ण करते, दवाखान्यात येते. तिथे मुलगा तिला ओळखतो. आणि तो तिला म्हणतो, की तू जा. परत येऊ नको, चांगलं खा-पी, चांगला नवरा कर, माझ्यासारखं पोर जन्माला घालू नको. आयुष्यभर वृद्धांवर लेक्चर देणाऱ्या माणसाला पहिल्यांदा आपली आई दिसते. ती मात्र रक्त देते आणि म्हातारी होते.

माझं याच्याशी भांडण आहे. अख्खा सिनेमा त्या बाईला स्वतःची हौस करू देतो, आणि शेवटी पुन्हा तिच्याच अंगातलं काढून घेतो. टाळ्या कशाला, तर त्यागाला. मी हे आजीला तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, “नातू हाये थो. देवाच लागते.” मग जरा वेळाने, मी मोबाईल ठेवल्यावर, “पन त्या पोट्ट्यानं जा म्हनलन, थे बेस केलन.”

आमचं एकमत अजून झालेलं नाही. ती रक्ताच्या बाजूने आहे, मी स्टुडिओच्या.

एक राहिलं. सिनेमात श्री. पार्क नावाचे एक गृहस्थ आहेत, तरुणपणी तिच्या माहेरी नोकर होते, तेव्हापासून तिच्यावर जीव. अगदी शेवटी त्यांनाही तो स्टुडिओ सापडतो आणि मोटारसायकलवर कोण येतं? किम सू-ह्युन! तेलुगूत त्या जागी नागा चैतन्य आहे. आजीला किम सू-ह्युन आवडला. परत परत दाखवायला लावला.

आणि हो, रोवण्याची गाणी पाठ असलेली कोणी आजी, मावशी, शेजारीण तुमच्याकडे असेल, तर तिला विचारून, तिची हरकत नसेल तरच, व्हॉइस नोट करून पाठवा. मागून कोंबडा ओरडला तरी चालेल, कापू नका.