पारदर्शकता कोणाची, खासगीपण कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणक, मोबाइल फोन आणि इंटरनेट यांविषयीची चर्चा आता विद्यापीठांपुरती राहिलेली नाही. ती रेशन दुकानाच्या रांगेत चालते, एस.टी.च्या प्रवासात चालते, पतपेढीच्या काउंटरपाशी चालते. यंत्रावर अंगठा उमटला नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन परतणारी मजूर स्त्री, तीच ती कागदपत्रे तिसऱ्यांदा मागितली म्हणून वैतागलेला निवृत्त शिक्षक आणि काल ज्या औषधाची चौकशी केली त्याचीच जाहिरात आज फोनवर पाहून चकित झालेला तरुण, हे तिघेही एकाच प्रश्नाला निरनिराळ्या बाजूंनी भिडत असतात. मात्र ही चर्चा बहुधा चार ठराविक वाक्यांपाशी येऊन थांबते. ‘ज्याने काही गैर केले नाही त्याने भ्यायचे कशाला?’, ‘सेवा फुकट मिळते, मग तक्रार कसली?’, ‘गरिबाला भाकरी हवी, खासगीपणाचे त्याला काय?’ आणि ‘देशाच्या सुरक्षिततेसाठी एवढे सोसलेच पाहिजे’. ही वाक्ये उच्चारणारी माणसे सरकारची हस्तक नसतात. पुष्कळदा ती चळवळीतलीच असतात. म्हणूनच या युक्तिवादांचा गंभीरपणे विचार केला पाहिजे.

प्रश्न नवा वाटला तरी त्याचे मूळ जुने आहे. पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांतला भेद खेड्यातल्या निरक्षर माणसालाही ठाऊक होता. ख्यालीखुशाली कार्डावर लिहिली जाई. मुलीचा सासुरवास, सावकाराचा तगादा, घरातले आजारपण या गोष्टी पाकिटातून जात. पाकीट वापरणारा माणूस गुन्हेगार नसे. संगणकीय संदेशवहनात पाकिटाचे काम सांकेतिक कुलूप करते. ज्या संदेशाला पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत असे कुलूप असते, त्याचा मजकूर मधल्या कंपनीलाही वाचता येत नाही. परंतु पाकीट बंद असले तरी त्यावरचा पत्ता उघडाच असतो. कोणी कोणाशी, किती वाजता, कोठून आणि किती वेळा संपर्क साधला एवढी नोंद हाती आली, तर मजकूर न वाचताही पुष्कळ काही कळते. संप जाहीर होण्याच्या आदल्या रात्री कोणत्या फोनवरून कोणाकोणाला फोन गेले, हे मालकाला समजले की सभेतले भाषण ऐकण्याची त्याला गरज उरत नाही.

पत्राच्या पाकिटावरून या देशात एकदा मोठे वादळ उठले होते. १९८६ साली संसदेने भारतीय टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक संमत केले. टपाल अडवण्याचे सरकारचे अधिकार त्याने वाढणार होते. देशभर टीका झाली आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी विधेयकावर सही केली नाही, ते परतही पाठवले नाही. त्याचा कायदा कधीच झाला नाही. पुढे फोन चोरून ऐकण्याचा प्रश्न आला. जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने १९७६ साली उभ्या राहिलेल्या संघटनेतून पुढे आलेली ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ही संस्था तो घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ च्या निकालाने फोनवरील संभाषण हा खासगीपणाचा भाग मानला, असा आदेश गृहसचिवाच्या पातळीवरच निघावा असे बंधन घातले, आणि आदेशाला मुदत व पुनर्विलोकन समिती लावून दिली. न्यायालयाची पूर्वपरवानगी मात्र त्यात आली नाही. ती उणीव आजही कायम आहे.

आता २०२३ सालाकडे पाहावे. त्या वर्षाच्या डिसेंबरात संसदेने नवा टपाल कायदा आणि नवा दूरसंचार कायदा असे दोन्ही संमत केले. पहिल्याने १८९८ च्या कायद्याची जागा घेतली, दुसऱ्याने १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याची. टपाल अडवण्याची तरतूद पहिल्यात आहे. दुसऱ्यात संदेश अडवण्याची, आणि तो वाचता येईल अशा स्वरूपात उघड करून मागण्याचीही तरतूद आहे. दूरसंचार विधेयक संमत झाले तेव्हा विरोधी पक्षांचे शंभराहून अधिक खासदार निलंबित होते. १९८६ साली ज्या गोष्टीने देश ढवळून निघाला, ती २०२३ साली जवळजवळ निःशब्दपणे पार पडली. मधल्या काळात कायद्यापेक्षा अधिक बदलली ती लोकांची सवय. दररोज पन्नास ठिकाणी आपली माहिती देणाऱ्या माणसाला एकावन्नाव्या ठिकाणी ती मागितली तर काही वाटेनासे होते.

पहिला युक्तिवाद असा की, निर्दोष माणसाला भय नाही. उत्तर प्रदेशातील खडकसिंग या माणसाची हकिकत येथे आठवावी. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी त्याची सुटका झाली होती. तरी पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली, रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावण्याचा परिपाठ ठेवला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी रद्द केल्या, परंतु खासगीपणाचा हक्क संविधानात नाही असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळे मत नोंदवले. त्या मताचा विजय होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेत खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

शिवाय, आज दार ठोठावल्याचा आवाजही होत नाही. २०१८ च्या भीमा कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या संगणकातील माहितीची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. दूरवरून घुसवलेल्या सॉफ्टवेअरद्वारे त्या संगणकात दस्तऐवज पेरले गेले, असा निष्कर्ष तिने २०२१ च्या अहवालात काढला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. वाद काहीही असो, अशी घुसखोरी यंत्रदृष्ट्या शक्य आहे एवढी गोष्ट पुरेशी आहे. ज्याच्यापाशी लपवण्यासारखे काही नाही, त्याच्या घरात दुसऱ्याने आणून काही ठेवले तर तो काय करणार? घराला कडी लागते ती आतले लपवण्यासाठीच नव्हे, बाहेरचे आत येऊ नये म्हणूनही.

दुसरा युक्तिवाद फुकट सेवेचा. अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे ठाऊक असते की, ज्या वस्तूची किंमत ग्राहक देत नाही तिची किंमत दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने वसूल होते. गूगल आणि फेसबुकची मालक मेटा या कंपन्यांच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग जाहिरातींतून येतो. जाहिरातदाराला विकले जाते ते माणसाचे लक्ष, आणि ते नेमके कोठे वळेल हे सांगणारी त्याच्या सवयींची नोंद. ही नोंद कोट्यवधी लोकांच्या रोजच्या वागण्यातून तयार होते. तिचे मोल एकत्रित साठ्यात आहे आणि तो साठा मूठभरांच्या मालकीचा आहे. समाजाने निर्माण केलेल्या मूल्यावर खासगी मालकी बसवणे ही प्रक्रिया समाजवाद्यांना नवी नाही.

यावर ‘संमती घेतली होती’ असे उत्तर मिळते. परंतु फोनच्या जाळ्याचा एक गुण असा की, जेवढी माणसे त्यात अधिक, तेवढे ते अधिक उपयोगी आणि तेवढेच त्यातून बाहेर पडणे अवघड. ज्या गटावर गावची पाणीपुरवठ्याची सूचना येते, मुलाच्या शाळेचा निरोप येतो, त्यातून बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य कागदावरचे असते. गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बेकार माणसाने मालकाच्या अटींना दिलेली संमती जेवढी स्वतंत्र, तेवढीच ही. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ साली माहितीच्या वाटपाच्या नव्या अटी ‘मान्य करा किंवा सोडा’ अशा पद्धतीने पुढे केल्या. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ज्या बाजारात सोडून जाण्याची सोय नाही तेथे संमतीला अर्थ नसतो, ही गोष्ट अखेर बाजाराच्या नियामकालाही मान्य करावी लागली.

तिसरा युक्तिवाद सर्वांत अधिक घातक आहे, कारण तो गरिबांच्या नावाने केला जातो. खासगीपण हे उच्चभ्रूंचे कौतुक आहे, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या निकालात स्पष्टपणे फेटाळला. वस्तुस्थिती उलट आहे. श्रीमंताला भिंती विकत घेता येतात. आपले नाव, अंगठा, चेहरा आणि घरची अवस्था पदोपदी उघडी करावी लागते ती सरकारी मदतीवर जगणाऱ्याला.

रोजगार हमीचेच उदाहरण घ्यावे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ही योजना आकाराला आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. २००५ चा देशव्यापी कायदा तिच्याच वळणावर झाला. त्या व्यवस्थेत हजेरीपट हा कळीचा कागद होता. त्यात खोटी नावे घुसडली जात, परंतु ती उघडकीलाही येत. कारण तो कागद कामाच्या जागी असे, कोणालाही पाहायला मागता येई, ग्रामसभेत वाचता येई. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, हजेरी मोबाइलच्या अ‍ॅपवर सक्तीची झाली. मजुरांचे दिवसातून दोनदा छायाचित्र काढून दूरच्या यंत्राकडे पाठवायचे. जेथे नेटवर्क नाही तेथे छायाचित्र जात नाही, आणि छायाचित्र गेले नाही तर दिवसभर खणलेली माती सरकारदरबारी खणलेलीच नाही असे ठरते. बोगस हजेरी तरी थांबली काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून मान्य करावे लागले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्रांची छायाचित्रे भरली जात होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यातही भर डिजिटल ओळखीवरच आहे. थोडक्यात, पूर्वी मजूर स्त्री हजेरीपट पाहू शके. आता यंत्र तिला पाहते आणि तिला मात्र काहीच दिसत नाही.

हीच आजच्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. लोकशाहीत सत्ता उघडी असावी आणि नागरिकाचे घर बंद असावे. आज याच्या नेमके उलट घडत आहे. महाराष्ट्राने २००२ साली आणि देशाने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला तो सत्तेला उघडे करण्यासाठी. त्या कायद्यातही व्यक्तिगत माहितीला संरक्षण होतेच. मात्र जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे कलम त्याला जोडलेले होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ते कलम काढून टाकले आणि ‘व्यक्तिगत माहिती’ एवढेच कारण नकाराला पुरेसे केले. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वाट अद्याप शिल्लक आहे, परंतु ती अधिकाऱ्याच्या मर्जीतून जाते. त्याच कायद्यान्वये केंद्र सरकारला आपली कोणतीही यंत्रणा अधिसूचना काढून त्यातून मुक्त करता येते. म्हणजे ठेकेदाराचे आणि अधिकाऱ्याचे नाव खासगी ठरू शकते, आणि मजुराचा चेहरा मात्र सरकारी मालमत्ता ठरतो.

चौथा युक्तिवाद सुरक्षिततेचा. गुन्हेगाराचा माग काढण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला असतो. समाजवादी राज्यालाही तो लागेल. वाद अधिकाराचा नाही, तो तपासणाऱ्याला तपासणार कोण याचा आहे. जुलै २०२१ मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरविषयी जगभर बातम्या आल्या. त्या वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ फोनांत घातक सॉफ्टवेअर आढळले, परंतु ते पेगाससच होते असे समितीला म्हणता आले नाही. आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही, ही गोष्ट ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितली गेली. सुरक्षिततेचे नाव घेऊन जेथे साध्या प्रश्नाचेही उत्तर नाकारले जाते, तेथे सुरक्षित कोण होते, देश की सत्ताधारी?

मग कार्यकर्त्याने करायचे काय? फोन फेकून देणे हे उत्तर नव्हे. यंत्रे फोडणाऱ्यांनी कामगार चळवळ पुढे नेलेली नाही. जनतेच्या पैशाने चालणाऱ्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली जनतेला पाहता आली पाहिजे, ही पहिली मागणी असावी. आरोग्य सेतू या अ‍ॅपवर टीका झाली तेव्हा मे २०२० मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची आज्ञावली सरकारने खुली केली. अर्थात मागितले तर मिळते. अंगठा किंवा नेटवर्क यांच्या अभावी कोणाचेही धान्य व मजुरी अडणार नाही, कागदी नोंद गावात वाचायला मिळेल, ही दुसरी. संदेश अडवण्याच्या आदेशाला न्यायालयाची परवानगी आणि माहितीच्या अधिकारातील गाळलेल्या कलमाची पुनःस्थापना, ही तिसरी.

परंतु मागणीच्या आधी घरचा झाडा द्यावा. सभासदांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक यांची यादी कोणत्याही गटावर सहज टाकून देणारा कार्यकर्ता मजुरांच्या खासगीपणाविषयी कोणत्या तोंडाने बोलणार? संघटनेची वही पूर्वी ज्या जबाबदारीने कपाटात ठेवली जाई, त्याच जबाबदारीने ही यादी सांभाळली पाहिजे.

हा लढा जिंकता येतो याला इतिहासाची साक्ष आहे. १९८३ साली पश्चिम जर्मनीत सरकारने जनगणनेच्या नावाखाली अवाजवी माहिती मागितली, तेव्हा सामान्य नागरिकांनी बहिष्काराची चळवळ उभारली. आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेथील संविधान न्यायालयाने आपल्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा हक्क नागरिकाचा आहे असा निर्णय दिला. त्या निर्णयाचा उगम सामान्य नागरिकांच्या प्रतिकारात होता. रेशनच्या रांगेतून रिकामी पिशवी घेऊन परतणाऱ्या स्त्रीला ‘यंत्र तुम्हाला नाकारू शकत नाही, आणि कोणी नाकारले हे विचारण्याचा हक्क तुमचा आहे’ एवढे समजावून सांगणारा आणि तिच्याबरोबर तहसील कचेरीपर्यंत चालत जाणारा कार्यकर्ता गावोगाव उभा राहिला, तर येथेही त्याचा प्रारंभ होईल.