साठीनंतरची लाट

सर्फिंग म्हटलं की लाटेवर उभा असलेला तरुण डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात समुद्रातला बराचसा वेळ फळीवर पालथं पडून हातांनी वल्हवण्यातच जातो. त्यामुळे वय वाढलं की आधी कुरकुरतात ते खांदे. मग उठण्याची अडचण. लाट आली की पालथ्याचं एका झटक्यात उभं राहायचं असतं. मी रोज सकाळी सतरंजीवर तेच दहादा करतो. घरचे हसतात, हसोत बापडे! फळीही आता नऊ फुटी घेतलीय. लांब फळी जास्त तरते, लाट लवकर पकडते. केली स्लेटरनं २०२२ मध्ये, पन्नासाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, हवाईतल्या पाइपलाइनची स्पर्धा जिंकली. पण तो अपवाद. आपण गोव्यातल्या आश्वेच्या कमरेइतक्या लाटेवर खूश. मात्र सकाळी सतरंजीवरून उठताना गुडघा टेकावा लागला, तर त्या दिवशी मी पाण्यात उतरत नाही.