मिरजेच्या वतीने स्वागत



मिरजेची ओळख तंबोऱ्याने होते. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी आटली, तेव्हा इथल्या शिकलगारांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली; त्यांत फरीदसाहेबांचे नाव आघाडीवर. पंढरपूरकडचे भोपळे गावात येतात आणि सुरेल होऊन बाहेर पडतात. गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच विसावले. 2016च्या उन्हाळ्यात तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तीही मिरजेहूनच.

आज मात्र पहिला मान विल्यम वानलेस यांचा. कॅनडात जन्मलेल्या या मिशनरी सर्जनने 1894 मध्ये इथे रुग्णालय उभारले आणि इथल्याच तरुणांना वैद्यकीचे शिक्षण दिले. 1928 मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. रुग्णालयावर आणि वानलेसवाडीच्या पाटीवर नाव आहे, पण त्या नावामागचा माणूस नव्या पिढीला ठाऊक नाही. मिरजकरांना हे फार बोचते.

शल्यविशारदांच्या या परिषदेचा विषय मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील नव्या शस्त्रक्रिया पारखण्याचा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया नवी होती, तेव्हा पोटावरच्या छिद्रांच्या जागी गाठ पुन्हा उगवल्याच्या नोंदींनी धास्ती पसरली. ती खरी का हे तपासायला उत्तर अमेरिकेतल्या 48 संस्थांनी 872 रुग्णांची चिठ्ठी पडावी तशी दोन गटांत विभागणी केली. सहभागी सर्जनना आधीच्या किमान 20 शस्त्रक्रियांचा अनुभव आणि काटछाट न केलेली चित्रफीत दाखवावी लागली. 2004 मध्ये निकाल आला: तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीने 16 टक्के, पोट उघडून 18 टक्के, जखमेतली गाठ दोन्हींकडे एक टक्क्याहून कमी. मिरजेचा कारागीरही अशीच पारख करतो: जवारी लावताना, म्हणजे तंबोऱ्याचा नाद जुळवताना, तो तारांखालची घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. कानाने कौल दिल्यावाचून तंबोरा गिऱ्हाइकाच्या हाती जात नाही.

व्यवस्थेत उणिवा आहेत. खोल्या अपुऱ्या पडल्याने काही पाहुण्यांना सांगलीत उतरावे लागले, सभागृहातले पंखे जुने आहेत. त्याबद्दल स्वागत समिती हात जोडून क्षमा मागते. मंडपाचा खर्च उचलणारे व्यापारी, धान्य देणारे शेतकरी, पहाटेपासून चुलीपाशी राबणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी देणगी देणारे एक सद्गृहस्थ आणि व्यासपीठावरचे दोन तंबोरे भेट देणारे कारागीर, या सर्वांची समिती ऋणी आहे. पहिली पंगत साडेबाराला बसेल.