दोन पिंजऱ्यांतले उंदीर



गेल्या महिन्यात तपासणीच्या वेळी एका पेशंटच्या मोठ्या बहिणीनं फायलीसोबत कॅप्सूलची तीन पाकिटं माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "डॉक्टर, इम्युनोथेरपी सुरू झाल्यापासून भावाला रोज दोन देते. चांगले जंतू आहेत ना हे? त्यानं ताकद येईल." त्या ताईंना मी जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

ही समजूत निराधार नाही. शिकागो विद्यापीठातल्या थॉमस गाजेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर काम चालू होतं. उंदीर दोन पुरवठादारांकडून आणलेले, पण वाण एकच. तरीही एकाकडच्या उंदरांत गाठ भराभर वाढे, दुसऱ्याकडच्यांत संथ. मग दोन्हीकडचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एकाच्या आतड्यातले जिवाणू दुसऱ्याच्या आतड्यात जातात. अशा एकत्र राहिलेल्या उंदरांत गाठ रुजवली, तर दोन्हीकडच्यांत ती संथच वाढली. शोध घेता घेता संशय बायफिडोबॅक्टेरियमवर आला. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या पोटात हा जिवाणू भरपूर असतो. तो उंदरांना नुसता पाजला, तरी इम्युनोथेरपीच्या औषधाइतका गुण आला, आणि दोन्ही मिळून दिल्यावर गाठीची वाढ जवळजवळ थांबली. हे 2015 साली प्रसिद्ध झालं.

आतड्यातल्या जिवाणूचा कातडीवरच्या गाठीशी काय संबंध? कर्करोगाच्या पेशी मारण्याचं काम आपल्या टी पेशी करतात. त्यांना एक ब्रेक असतो, आणि गाठ तोच दाबून धरते. इम्युनोथेरपीची औषधं तो ब्रेक सोडवतात. या शोधासाठी अॅलिसन आणि होन्जो यांना 2018 चं नोबेल मिळालं. पण ब्रेक सुटला तरी शत्रू कोण हे टी पेशींना कुणीतरी दाखवावं लागतं. दाखवणाऱ्या त्या डेंड्रायटिक पेशी. बायफिडोबॅक्टेरियम मिळालेल्या उंदरांत या पेशी जास्त तरतरीत झालेल्या दिसल्या.

मग ताईंची कॅप्सूल चुकली कुठे? ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये जेनिफर वारगो आणि सहकाऱ्यांनी इम्युनोथेरपी घेणाऱ्या मेलॅनोमाच्या 128 पेशंटांना आहाराबद्दल विचारलं. दिवसाला 20 ग्रॅम किंवा अधिक तंतुमय पदार्थ खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. त्यातही सर्वांत चांगला गुण कुणाला, तर असं खाऊन वर प्रोबायोटिक न घेणाऱ्यांना. उंदरांना बाजारात मिळतात तशी प्रोबायोटिक देऊन पाहिली, तर गाठी मोठ्या झाल्या आणि टी पेशींचा जोर कमी पडला. हे 2021 सालचं. एका जातीचे कोट्यवधी जिवाणू आत लोटले, की पोटातली जिवाणूंची विविधता घटू शकते. माझ्या मते हे उत्तर लोकांपर्यंत पोचायला फार उशीर होतोय, कारण कॅप्सूलची जाहिरात होते, ज्वारीच्या भाकरीची होत नाही.

जिवाणूंवर माझा विश्वास आहे, आणि जपून केलेल्या चाचण्यांवर त्याहून जास्त. मूत्रपिंडाच्या कर्करोगात क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमचा एक ठरावीक प्रकार इम्युनोथेरपीसोबत देऊन पाहिला, तेव्हा आशा वाटावी असा निकाल मिळाला. पण पेशंट होते जेमतेम तीस. तेवढ्यावर औषध ठरत नाही.

अँटिबायोटिकबाबतही जपायला हवं, कारण ते पोटातले हे जिवाणूही मारतं. फुप्फुस, मूत्रपिंड आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या 249 पेशंटांच्या नोंदी पॅरिसच्या संशोधकांनी तपासल्या. इम्युनोथेरपीच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्यांना औषधाचा गुण कमी आला होता. जंतुसंसर्ग झाला असेल तर अँटिबायोटिक घ्यावंच लागतं, ते टाळू नका. साध्या सर्दीसाठी मात्र दुकानातून परस्पर आणू नका.

ताईंनी पाकिटं पिशवीत परत ठेवली आणि विचारलं, "मग उसळ, भाकरी, पालेभाजी चालेल?" पोटाला सोसत असेल तर चालेल, शिजवून, गरम. कॅप्सूलचा मात्र आणखी एक धोका आहे: केमोथेरपीनं पांढऱ्या पेशी खाली गेल्या असतील, तर जिवंत जंतूंची कॅप्सूल रक्तात संसर्गही करू शकते. म्हणून घरात कुणाचा उपचार चालू असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना एवढं करा: घेत असलेली प्रत्येक गोळी, पावडर, काढा पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडा.