पुरिसदम्मसारथि : घोड्याचा आणि माणसाचा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात, आटपाडी येथे दिलेले भाषण. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



समितीने मला सांगितले की बुद्धवंदनेतल्या कोणत्याही एका गुणावर बोला. आपण रोज तथागतांचे नऊ गुण म्हणतो. त्यातला एक शब्द आहे 'पुरिसदम्मसारथि'. तोंडपाठ सगळ्यांना आहे, पण अर्थ विचारला की आपण एकमेकांकडे बघतो. मी हाच शब्द घेतला, कारण माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. भन्तेजींच्या समोर मी पालि शिकवायला उभा राहणार नाही. मी आपली घोड्याची बाजू मांडतो.

पालित 'दम्म' म्हणजे ज्याला अजून वळण लावायचं आहे, जो शिकू शकतो, असा. 'दम्म' आणि 'धम्म' यांत घोटाळा करू नका. घोड्याला शिकवणारा तो 'अस्सदम्मसारथि' आणि माणसाला शिकवणारा तो 'पुरिसदम्मसारथि'. म्हणजे तथागतांना आपण रोज ज्या नावाने वंदन करतो, ते नाव घोड्याच्या पागेतून आलेलं आहे. आता आपल्या मराठीत घोडा शिकवणाऱ्याला काय म्हणतात? चाबुकस्वार. आपल्या शब्दात चाबूक आधी आला. फरक तिथूनच सुरू होतो.

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात केसी नावाच्या नावाजलेल्या अश्वशिक्षकाची गोष्ट आहे. तो तथागतांकडे येतो. तथागत त्यालाच विचारतात, केसी, तू घोडा कसा शिकवतोस? तो म्हणतो, काहींना मृदू रीतीने, काहींना कठोर रीतीने, काहींना दोन्ही मिळून. आणि तिन्हीने शिकलाच नाही तर? तर मी त्याला मारून टाकतो, माझ्या गुरुकुलाला बट्टा नको म्हणून. मग केसी उलट प्रश्न करतो, तुम्ही माणसांना कसं शिकवता? तथागत म्हणतात, मीही तसंच. मृदू, कठोर आणि दोन्ही. केसी विचारतो, आणि न शिकणारा? तथागत म्हणतात, मीही त्याला मारतो. केसी चपापतो. तुम्ही तर प्राणिहिंसा करत नाही! तेव्हा उत्तर मिळतं की ज्याला काही सांगण्यासारखं आता उरलं नाही असं तथागत आणि बरोबरचे शहाणे लोक ठरवतात, तोच या विनयातला वध.

आता 'कठोर' म्हणजे काय, तेही त्याच सुत्तात आहे. मृदू म्हणजे चांगलं वागणं कसं असतं आणि त्याचं फळ काय, हे सांगणं. कठोर म्हणजे वाईट वागणं कसं असतं आणि त्याचं फळ काय, हे सांगणं. संपलं. त्यात काठी कुठंच नाही. पुष्कळ जण अर्धं ऐकतात आणि 'बघा, बुद्धसुद्धा कठोर होते' म्हणून घरी जाऊन पोराला पट्ट्याने मारतात. हे सुत्त नीट वाचावं, एवढंच म्हणतो.

केसीच्या पागेत काय चालत होतं ते बघायला आपल्याला श्रावस्तीला जायची गरज नाही. आपल्या माणदेशात घोडं असतं ते धनगराच्या वाड्यावर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन वाडे चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात, आणि सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. घोंगडी, भांडीकुंडी, कोंबड्या, आज जन्मलेलं कोकरू, कधी वर बांधलेलं लहान पोर. ज्या जनावराच्या पाठीवर आपलं लेकरू बसवायचं, ते भीतीनं शिकवलेलं असून चालत नाही. म्हणून त्या लोकांची रीत बघण्यासारखी आहे.

शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं आणि लवकरच आईबरोबर पळू लागतं. घोड्याला शिंगं नाहीत. त्याचा बचाव पायात. अनोळखी काही दिसलं की आधी पळायचं, मग बघायचं. यालाच आपण बुजणं म्हणतो. ती खोड नव्हे, ती त्याची अक्कल आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही. म्हणून जाणता माणूस समोरून चालून येत नाही, मागून तर नाहीच. खांद्याच्या बाजूनं, तिरका, हळू येतो. डोळे रोखत नाही. कधी नुसताच जवळ बसून राहतो. शिंगरू फुरफुरत लांब जातं, परत येतं, वास घेतं. त्या दिवशी एवढंच. काम झालं.

मग हात. पहिला हात तोंडाकडे न्यायचा नाही. आयाळ संपते तिथं खांद्याच्या उंचवट्यावर ठेवायचा आणि खाजवायचं. दोन घोडी एकमेकांना दातांनी तिथंच खाजवतात. तिथं खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे शास्त्रज्ञांनी मोजूनही पाहिलं आहे. हात ठेवल्यावर शिंगरू थरथरतं. घाई करायची नाही. ते क्षणभर स्थिर झालं की आपण हात काढून घ्यायचा. नीट लक्ष द्या, स्थिर झाल्यावर काढायचा. ते हिसडा मारतंय आणि आपण हात काढला, तर ते काय शिकलं? हिसडा मारला की सुटका. आणि ते स्थिर उभं आहे तरी आपण दाबतच राहिलो, तर ते शिकलं की गप्प उभं राहूनही उपयोग नाही. मग ते लाथ झाडणारच. शिकवण्याचा सगळा मर्म हात ठेवण्यात नाही, हात वेळेवर काढण्यात आहे. शिंगरू मान खाली सोडतं, तोंड चघळल्यासारखं करतं, कान सैल होतात, तेव्हा समजायचं की त्याला कळलं.

पुढं पाय उचलायला शिकवणं, मोहरकी, दोरीवर चालणं. पाठीवर आधी नुसतं गोणपाट टाकून काढायचं. मग घोंगडी. मग तंग बांधायचा, तोही सैल. ओझं मात्र उशिरा. घोड्याच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालते. दोन वर्षांच्या शिंगरावर लग्नाच्या वरातीत नवरदेव बसवणारे लोक मी पाहिलेत. पाठ गेलेली अशी जनावरं मग बाजारात फिरत असतात. असो.

दुसरी रीतही आहे. अगाडी-पिछाडी आवळून बांधायचं, वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्यायचा, पाडायचं, खोल वाळूत दमेपर्यंत पळवायचं. चार दिवसांत घोडा चालायला लागतो, नाही असं नाही. वेळ वाचतो. पण तो घोडा पुढं आयुष्यभर माणसाच्या हाताकडे बघत चालतो. हातात काठी असली तर एक आणि नसली तर दुसराच. तथागतांनंतर शे-दीडशे वर्षांनी तिकडे ग्रीसमध्ये झेनोफन नावाच्या सेनानीने घोड्यांवर पुस्तक लिहिलं. त्यातही त्याने बजावलं आहे की रागात असताना घोड्याशी व्यवहार करू नये. त्यानं लढाया केल्या होत्या, तरी त्याला हे पटलं होतं.

मज्झिम निकायात भद्दालि सुत्त आहे. त्यात शिंगराला शिकवण्याच्या पायऱ्याच दिल्या आहेत. आधी तोंडात लगामाची सवय. पूर्वी कधी केलेलं नसतं म्हणून घोडा तडफडतो, वळवळतो. पुन्हा पुन्हा, क्रमाक्रमानं करून घेतलं की शांत होतो. मगच जुवाची सवय. तीही पचली की चालीत चालणं, मंडलात फिरणं, दौड. एक पायरी निवल्याशिवाय दुसरी नाही. आणि सगळं शिकून झाल्यावर खरारा, म्हणजे अंग घासून चोळून देणं. शेवटी पुन्हा हातच.

इथं मला आपल्या समाजाचं बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ज्या शिंगराला माणसाचा हात लागला नाही, त्याला आपण हात लावून आपलंसं करतो. आणि ज्या माणसांना शेकडो वर्षं हात लावला नाही, ती माणसं आपण. घोड्याशी आपला संबंध नव्हता असं मात्र नाही. गावात अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळणं, घोड्याला वैरण घालणं, राखणं हे तराळ-येसकराच्या गळ्यात होतं. तराळकी काय होती ते आटपाडीचे सुपुत्र शंकरराव खरातांनी 'तराळ-अंतराळ' मध्ये जगाला सांगितलं. घोड्याला हात लावायला बंदी नव्हती, कारण ते काम होतं. वर बसायला बंदी होती.

१९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामासाठी खानदेशात गेले होते. चाळीसगाव स्टेशनवर महारवाड्यातली मंडळी न्यायला आली, पण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून हाकायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा नाही. आपल्यातलाच एक जण पुढं बसला. त्यानं आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या फरसबंदी मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं, घोडा आणि टांगा खाली नदीत. हे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहिलं आहे. घोड्याला जात कळत नाही. पण लगाम धरणारा हात शिकलेला आहे की नाही, हे त्याला पहिल्या पावलाला कळतं. विद्या अडवून ठेवली की हाडं कुणाची मोडतात ते बघा. आणि हे जुनं झालं असं समजू नका. मार्च २०१८ मध्ये गुजरातेत भावनगर जिल्ह्यात एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. घोडा पाळतो, त्यावर बसतो म्हणून धमक्या येत होत्या, अशी त्याच्या वडिलांची फिर्याद होती.

आपल्या तालुक्यातलंच एक उदाहरण घाईत सांगतो. औंध संस्थानात १९३९ साली स्वतंत्रपूर उभं राहिलं. खुनाची शिक्षा झालेले कैदी, आणि भोवती भिंत नाही. मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनियरची कल्पना आणि औंधच्या राजांचा पाठिंबा. त्यावरूनच पुढं १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा आला, कथा आपल्या माडगूळकरांची. अंगुलिमाल भिक्खू झाल्यावर पसेनदी राजा तथागतांना म्हणतो की ज्याला आम्ही दंडानं आणि शस्त्रानं वठणीवर आणू शकलो नाही, त्याला तुम्ही दंडाविना आणलं. स्वतंत्रपूर आपल्याला चालत जाण्याइतकं जवळ आहे, तरी आपल्या मुलांना ते माहीत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. समितीपुढं एक प्रस्ताव आहे. रविवारच्या धम्मवर्गाला लागोपाठ तीनदा गैरहजर राहणाऱ्या मुलाचं नाव कमी करायचं. शिवाय जी मोठी मुलं व्यसनात सापडली आहेत, त्यांना विहाराच्या कार्यक्रमात घ्यायचं नाही. प्रस्ताव मांडणाऱ्यांची तळमळ मी जाणतो. ते पदराला खार लावून वर्ग चालवतात. पण नाव कमी करणं म्हणजे बोलणं बंद करणं, आणि ते केसी सुत्तातलं शेवटचं हत्यार आहे. तथागतांनी परिनिर्वाणाच्या वेळी छन्नाला ब्रह्मदंड सांगितला, म्हणजे त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. हा छन्न कोण? परंपरा सांगते की सिद्धार्थाबरोबर कंथक घोड्यासह निघालेला सारथी तोच. आयुष्यभर समजावून झाल्यावर तो दंड दिला. आनंदांनी कौशांबीला जाऊन समोरासमोर सांगितला. छन्न हादरला, एकांतात साधनेला लागला, अर्हत झाला आणि दंड तिथंच गळून पडला. आपण तिसऱ्या रविवारी देतोय, तोही वहीत रेघ मारून. आपल्या पोरांना आपण मृदू रीतीनं किती सांगितलं? दारू पिणाऱ्या पोराजवळ बसून त्याच्या यकृताचं, त्याच्या आईचं काय होतंय हे कठोर रीतीनं तरी किती जणांनी सांगितलं?

भद्दालि तीन महिने तथागतांना तोंड दाखवत नव्हता. नियम पटला नाही म्हणून संघासमोर नकार देऊन गेला होता. त्याच भद्दालिला तथागत शिंगराचा दृष्टांत सांगतात. आणि त्याच सुत्तात आणखी एक गोष्ट आहे. एखाद्याला एकच डोळा असेल, तर नातेवाईक आणि मित्र त्या एका डोळ्याला जपतात, तोही जाऊ नये म्हणून. तसंच ज्याच्यात थोडीशीच श्रद्धा, थोडंसंच प्रेम उरलं आहे, त्याच्याशी भिक्खू विचार करून वागतात, तेवढंही त्याच्यातून जाऊ नये म्हणून.

आपली ही मुलं वर्षभर विहाराकडं फिरकत नाहीत. पण १४ एप्रिलला मिरवणुकीत निळा झेंडा सगळ्यात उंच तेच धरतात. तो त्यांचा एक डोळा आहे. तो आपणच फोडायचा काय?

म्हणून माझी सूचना अशी की प्रस्ताव वर्षावास संपेपर्यंत बाजूला ठेवावा. गैरहजर मुलांची यादी सचिवांकडे आहे. प्रत्येकानं दोन-दोन घरं वाटून घ्यावीत. उपदेश करायला जायचं नाही. पहिल्या वेळी नुसतं बसायचं, चहा प्यायचा आणि उठायचं. दुसऱ्या वेळी मुलगा स्वतः काही बोलला तर ऐकायचं. वर्गाचा विषय त्याच्यानंतर. माझ्या वाट्याला एक घर आमच्या गल्लीतलं आणि एक एस.टी. स्टँडच्या मागचं, अशी दोन मी आत्ताच मागून घेतो. बाकीची नावं भोजनदानाच्या आधी वाचून दाखवावीत, अशी सचिवांना विनंती करतो आणि थांबतो.

जयभीम. नमो बुद्धाय.